हललेला हात : छायाचित्रणाच्या आरंभाविषयी काही विचार

एक

१९ ऑगस्ट हा दिवस जगभर छायाचित्रण दिन म्हणून पाळला जातो. १८३९ साली याच तारखेला पॅरिसमध्ये, विज्ञान आणि ललितकला यांच्या अकादमींच्या संयुक्त सभेत, लुई दागेर याने शोधलेली छायाचित्रणाची पद्धत सर्वांसमोर उघड करण्यात आली. मी ज्या महाविद्यालयात शिकवतो तेथील विद्यार्थ्यांनी या निमित्ताने एक लहानसे प्रदर्शन मांडले होते. त्यात दागेरनेच १८३८ साली काढलेल्या एका छायाचित्राची मोठी प्रत होती. पॅरिसमधील बुलेव्हार द्यु तांप्ल हा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडे आणि उंच घरे. रस्ता वाहता होता, गाड्या-घोडे होते, माणसे होती. पण चित्रात रस्ता ओसाड दिसतो. फक्त डावीकडे खालच्या कोपऱ्यात एक माणूस उभा आहे. त्याचा एक पाय उचलून ठोकळ्यावर ठेवलेला आहे. तो बूट पॉलिश करून घेत आहे. चित्राखाली चिठ्ठी होती : ‘छायाचित्रात आलेला जगातला पहिला माणूस.’

चित्रासमोर बराच वेळ उभ्या असलेल्या एका मुलाने मला विचारले, “सर, बूट पुसून घेणारा पहिला, तर पुसणारा कितवा?”

या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा प्रयत्न आहे. छायाचित्रणाचे जे इतिहास आपण वाचतो ते भिंगाचे, रसायनांचे आणि शोधकांचे इतिहास आहेत. त्यांत कोण उमटले आणि कोण पुसले गेले हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारणे हे आपले काम आहे, कारण पुसले जाणे म्हणजे काय हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

दोन

कॅमेरा या शब्दाचा मूळ अर्थ खोली. अंधाऱ्या खोलीच्या एका भिंतीला बारीक छिद्र असले की बाहेरच्या उजेडातले दृश्य समोरच्या भिंतीवर उलटे पडते. अकराव्या शतकात कैरो येथे इब्न अल-हैथम या विद्वानाने प्रकाशाच्या या वागण्याचा पद्धतशीर अभ्यास केला. युरोपातल्या चित्रकारांनी पुढे तीच खोली लहान केली, तिला भिंग बसवले आणि पडलेल्या प्रतिमेवरून रेषा गिरवल्या.

मी हे पहिल्यांदा पाहिले ते कोणत्याही प्रयोगशाळेत नव्हे. वसई तालुक्यातील भुईगाव हे माझे गाव. तिथे आमच्या घराच्या दाराच्या फळीला एक गाठ निखळून भोक पडले होते. उन्हाळ्याच्या दुपारी दार लावून आजी पडायची आणि मी भिंतीकडे पाहत राहायचो. रस्त्याने जाणारी माणसे भिंतीवर डोके खाली, पाय वर करून चालत. नारळ आणि सुरू मुळे वर करून उभे असत. केळीच्या वाडीतून भारा घेऊन येणारी बाई उलटी येई आणि उलटीच निघून जाई. मी आजीला उठवून दाखवले तर ती म्हणाली, “राहू दे रे, सगळे उलटेच आहे ते.” ती काय म्हणाली हे कळायला मला पदवीपर्यंत शिकावे लागले.

आमच्या भिंतीवरचे चित्र दार उघडताच नाहीसे होई. ते टिकवून धरणे हाच एकोणिसाव्या शतकाचा शोध होय. फ्रान्समधील निसेफोर निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास कथिलाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर एका जातीच्या डांबराचा थर देऊन खिडकीबाहेरचे दृश्य टिपले. त्याला निदान आठ तास लागले, कदाचित काही दिवसही. तेवढ्या वेळात सूर्य एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेला, त्यामुळे त्या चित्रातील इमारतींच्या दोन्ही अंगांना ऊन दिसते. दागेरने तांब्याच्या पत्र्यावर चांदीचा मुलामा देऊन त्याला आयोडीनची वाफ दिली आणि मग पाऱ्याच्या वाफेने प्रतिमा उठवली. तासांचे काम मिनिटांवर आले. पण मिनिटे म्हणजेही पुष्कळ. तेवढा वेळ जे हलले नाही ते उमटले. जे हलले ते नाहीसे झाले.

त्या रस्त्यावर त्या दिवशी हमाल असतील, गाडीवान असतील, भाजी विकणाऱ्या बाया असतील. ते सर्व हलत होते, म्हणून ते नाहीत. बूट पुसून घेणाऱ्याला पाय स्थिर ठेवणे भाग होते, म्हणून तो राहिला. अमेरिकन शोधक सॅम्युअल मॉर्स याने १८३९ साली हे चित्र पॅरिसला पाहिले, तेव्हा त्याने नोंदवून ठेवले की त्या माणसाचे बूट आणि पाय स्पष्ट आहेत, वरचे अंग मात्र हालचालीमुळे उमटलेले नाही. म्हणजे छायाचित्रात पहिल्यांदा स्पष्टपणे आले ते डोके नव्हे, पाय. ज्यांनी पायांपासून झालेल्यांची निंदा ऐकत आयुष्य काढले त्यांना हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा वाटेल.

आणि पुसणारा? वाकलेल्या शरीराचा एक धूसर आकार तेवढा दिसतो. त्याचे हात काम करीत होते. ज्याच्या श्रमामुळे पहिला माणूस स्थिर उभा राहिला, तोच श्रम त्याला स्वतःला पुसून टाकण्यास कारण झाला.

माझे एक सहकारी यावर म्हणाले, “हात हलला हा रसायनाचा दोष. रसायनाला वर्ग नसतो, जात नसते. शिवाय तो गिऱ्हाईक तरी कुठे मोठा सरदार होता? त्याचेही नाव कुणाला ठाऊक नाही.” आक्षेप योग्य आहे आणि मी तो मान्य करतो. चांदीला जात नसते. पण भर दुपारी काही मिनिटे स्वस्थ उभे राहणे कोणाला परवडते, हा रसायनाचा प्रश्न नव्हे. त्या काळच्या स्टुडिओत गिऱ्हाइकाची मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावीत. ज्याला वेळ होता, पैसा होता, त्याला स्थिर राहण्यासाठी यंत्रही होते. दुसरे असे की चित्रात त्या दुसऱ्या माणसाची पुसट खूण तरी आहे, पण चिठ्ठीत ती नाही. ‘पहिला माणूस’ असे एकवचन पत्र्याने लिहिलेले नाही. ते इतिहास लिहिणाऱ्याने लिहिले आहे.

तीन

पॅरिसची ही विद्या मुंबईला फार लवकर आली. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. तिच्या सभासदांत इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे स्वतः छायाचित्रे काढीत. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. पुढे मुंबईत नामांकित झालेले छायाचित्रकार हरिश्चंद्र चिंतामण हे त्या वर्गात शिकले. एतद्देशीय माणसाच्या हाती कॅमेरा आला तो असा, आणि याचा उल्लेख आपल्याकडे अभिमानाने केला जातो. अभिमान मला अमान्य नाही. भाऊ दाजी गोव्याच्या एका खेड्यातून गरिबीत वर आलेले होते आणि त्यांचा व्यासंग मोठा होता. पण हा अभिमान पूर्ण व्हायचा तर त्याच वर्षांतल्या आणखी दोन गोष्टी शेजारी ठेवाव्या लागतील.

पहिली गोष्ट धारवाडची. जून १८५६ मध्ये एका महार मुलाच्या वतीने तेथील सरकारी शाळेत प्रवेशासाठी अर्ज करण्यात आला. त्याला प्रवेश मिळाला नाही. एका मुलासाठी बाकीची मुले शाळा सोडतील, असा विचार करून मुंबई सरकारने हात आखडता घेतला. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात या प्रकरणाची नोंद घेतलेली आहे. ज्या इलाख्याच्या राजधानीत सरकारी विद्यालयात प्रकाश पकडण्याचा वर्ग भरत होता, त्याच इलाख्यात एका मुलाला मुळाक्षरांच्या वर्गाचे दार बंद होते. कॅमेरा ही खोली खरी, पण त्या खोलीत जाण्याआधी दुसऱ्या एका खोलीत जावे लागत होते.

दुसरी गोष्ट पुण्याची. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. ज्या धर्मग्रंथांना हात लावायची आम्हाला मुभा नाही तो धर्म आमचा कसा, असा सरळ सवाल तिने त्यात केला. मुंबईत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला ते हेच वर्ष. मुक्तेचा चेहरा आज आपल्याला ठाऊक नाही. पण तिची वाक्ये ठाऊक आहेत आणि तिचे नाव ठाऊक आहे. माझ्या मते त्या दशकात या भूमीवर काढले गेलेले आपले पहिले स्पष्ट चित्र हेच होय. ते चांदीवर नव्हे, शाईने उमटले, आणि ज्याचे चित्र त्याच्याच हाताने ते काढले गेले.

चार

रसायने सुधारली, वेळ कमी झाला, तसा कामकरी माणूस छायाचित्रात येऊ लागला. पण तो कसा आला?

मुंबईतील विल्यम जॉन्सन हा सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक. त्याने मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींवर छायाचित्रांचा ग्रंथ काढला. त्याचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध झाले. त्याची कृती पाहण्यासारखी आहे. माणसांची चित्रे वेगळी काढायची, निसर्गाची किंवा इमारतींची वेगळी काढायची आणि माणसे कापून त्या देखाव्यावर बसवायची. माणूस एका जागचा, जमीन दुसऱ्या जागची. खाली नाव माणसाचे नाही, जातीचे.

लंडनच्या इंडिया म्युझियमने १८६८ ते १८७५ या काळात हेच काम फार मोठ्या प्रमाणावर केले. जे. फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के यांनी संपादित केलेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत. प्रत्येकाखाली त्या जातीच्या स्वभावावर शेरे आहेत : ही जात प्रामाणिक, ती चोरटी, ही कष्टाळू, ती उर्मट. १८५७ नंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा ओळखून घ्यायची होती. ओळख म्हणजे परिचय नव्हे, पहारा. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा याच काळातला आहे, हे विसरून चालणार नाही.

या ग्रंथाविषयीचा एक प्रसंग सर सय्यद अहमद खान यांनी लिहून ठेवला आहे. ते १८६९ साली लंडनला गेले होते. तेथे त्यांचा मुलगा महमूद हा ग्रंथ चाळीत असता एका इंग्रजाने त्याला विचारले, तू हिंदुस्थानी आहेस काय? तो लाजला, हो म्हणाला, आणि लगेच खुलासा केला की मी इथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, माझे पूर्वज बाहेरून आलेले होते. हा प्रसंग साम्राज्याने केलेल्या अपमानाचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. तो अपमान होताच. पण मला त्या खुलाशाचे दुःख अधिक वाटते. अपमान झालेला तरुण चित्रकाराला जाब विचारीत नाही, तो चित्रातल्या माणसांपासून चार पावले दूर सरकतो. आपल्या देशातल्या अभिजनांचा राष्ट्रवाद पुष्कळदा असाच राहिलेला आहे. आमचे चित्र चुकीचे काढले असे म्हणण्याऐवजी, ते चित्र आमचे नव्हेच असे म्हणणारा.

जॉन्सनची ती कात्री अजून थांबलेली नाही. माझी आजी वारली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांजवळ ठेवायला घरात तिचा एकही फोटो सापडला नाही. शेवटी निवडणूक ओळखपत्रावरचा फोटो घेऊन मी एका स्टुडिओत गेलो. त्याने चेहरा मोठा केला, कापला आणि त्याच्याकडे तयार असलेल्या एका बाईच्या धडावर बसवला. जरीच्या काठाची साडी, मागे निळा पडदा, मांडीवर ठेवलेले दोन गोरे, मऊ हात. तो फोटो आजही आमच्या घरी आहे. चेहरा आजीचा आहे. हात तिचे नाहीत.

तिचे हात मला ठाऊक आहेत. तिने उमेदीची वर्षे वसईच्या मिठागरांत काढली. मिठाची पाटी उचलून उचलून तिच्या बोटांच्या पेरांना पडलेल्या भेगा पुढे कधी भरल्या नाहीत. त्या स्टुडिओवाल्याचा यात काही दोष नाही. त्याच्याकडे असले हात नव्हतेच. गिऱ्हाइकाला जे बरे दिसेल ते त्याने जमवून ठेवलेले होते.

पाच

मिठाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी छायाचित्रणाच्या इतिहासात लिहिलेली असते पण तिचा अर्थ लावलेला नसतो. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट याने दागेरच्याच काळात पत्र्याऐवजी कागदावर चित्र उमटवण्याची पद्धत शोधली. आज आपण निगेटिव्ह म्हणतो ती कल्पना त्याचीच. त्याची पहिली कृती अगदी साधी होती. कागद मिठाच्या पाण्यात बुडवायचा, वाळवायचा आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेट फिरवायचे. मीठ आणि चांदी मिळून जो क्षार होतो तो उजेडात काळा पडतो. कागदावरचे छायाचित्र जन्मले ते मिठातून, घराघरात असते त्याच मिठातून. मीठ चित्रात गेले, मीठ वाहणारी बाहेर राहिली.

याहून मोठी गोष्ट कातड्याची. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टराने जिलेटिनमध्ये चांदीचा क्षार मिसळून काचेवर थर देण्याची कल्पना मांडली. पुढच्या दहा वर्षांत ती सुधारली आणि मिनिटांचा वेळ सेकंदाच्या अंशावर आला. घोडा धावताना, मूल हसताना, हात काम करताना उमटणे आता कोणत्याही साध्या कॅमेऱ्याच्या आवाक्यात आले. जिलेटिन म्हणजे काय? जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेला सरस. डिजिटल कॅमेरा येईपर्यंत जगातला जवळजवळ प्रत्येक फोटो या सरसाच्या थरावर उमटलेला आहे. लग्नाचे फोटो, मुंजीचे फोटो, शंकराचार्यांचे फोटो, मंदिरातल्या मूर्तींचे फोटो.

ज्या कातड्याला हात लावला म्हणून माणूस अस्पृश्य ठरला, त्याच कातड्याच्या अर्कावर पावित्र्याच्या सर्व प्रतिमा शंभर वर्षे सुखाने विराजमान झाल्या. कोणी त्यांना शुद्धीकरण केले नाही. विटाळ वस्तूत कधीच नव्हता, तो माणसात पाहायचा होता, याला आणखी कोणता पुरावा हवा? आणि हेही ध्यानात घ्यावे की दागेरच्या पत्र्यावर हललेला तो हात अखेर उमटू शकला तो याच सरसाच्या बळावर. बूट पुसणाऱ्याला चित्रात आणले ते कातड्याने.

सहा

मग कॅमेऱ्याविषयी आपली भूमिका काय असावी? आपल्यातले काही तरुण मित्र म्हणतात की हे जेत्यांचे हत्यार आहे. त्याने आपल्याला मोजले, नोंदले, प्रदर्शनात मांडले. त्याला नकारच द्यावा. हा नकार मला समजतो, पण पटत नाही.

अमेरिकेकडे पाहा. १८५० साली हार्वर्डचा प्राध्यापक लुई आगासी याने, काळे लोक वेगळ्या वंशाचे आहेत हे सिद्ध करण्यासाठी, दक्षिण कॅरोलायनातील गुलामांना विवस्त्र करून त्यांची छायाचित्रे काढवून घेतली. त्यांत रेंटी नावाचा वृद्ध आणि डेलिया ही त्याची मुलगी होती. ते पत्रे विद्यापीठाच्या ताब्यात राहिले. २०१९ साली रेंटीच्या वंशज म्हणून तमारा लॅनिअर यांनी हार्वर्डवर दावा लावला. २०२५ मध्ये तडजोड झाली आणि ते पत्रे चार्ल्स्टन येथील आफ्रिकी-अमेरिकी संग्रहालयाकडे सोपवण्याचे ठरले. पावणेदोनशे वर्षांनी का होईना, चित्र कोणाच्या मालकीचे हा प्रश्न विचारला गेला.

पण त्याच देशात, त्याच काळात, गुलामीतून निसटलेला फ्रेडरिक डग्लस जाणीवपूर्वक कॅमेऱ्यासमोर जाऊन बसत होता. त्याची सुमारे १६० वेगवेगळी छायाचित्रे उपलब्ध आहेत. एकोणिसाव्या शतकात एवढी छायाचित्रे दुसऱ्या कुणा अमेरिकनाची निघाली नसावीत असे अभ्यासक म्हणतात. १८६१ पासून त्याने छायाचित्रांवर व्याख्यानेही दिली. चांगला पोशाख, सरळ नजर, क्वचितच हसू. खुशीत असलेला गुलाम, हे मालकांचे आवडते चित्र त्याला मोडायचे होते. सोजर्नर ट्रूथ ही गुलामीतून सुटलेली बाई स्वतःची छायाचित्रे विकून आपल्या कार्याचा खर्च चालवी, आणि त्यांवर आपले नाव छापून घेई. हाच काळ लक्षात घेऊन १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केले, हे आपण जाणतोच.

आगासी आणि डग्लस यांच्या हाताशी यंत्र एकच होते. फरक तीन गोष्टींचा होता : चित्र काढून घेण्याचा निर्णय कोणाचा, चित्राखाली नाव कोणाचे, आणि चित्र कोणाच्या ताब्यात. कोणत्याही प्रतिमेची समीक्षा करताना हे तीन प्रश्न विचारावेत असे मी सुचवतो. प्रकाश, छाया, रचना यांचा विचार त्यानंतर.

हे प्रश्न साहित्यालाही लागू आहेत. प्रस्थापित मराठी कथा-कादंबरीत दिवाणखाना स्वच्छ उमटला, कारण तेथील माणसे स्वस्थ बसलेली होती. भांडी घासणारी, मैला वाहणारा, वाडीत पाणी शिंपणारी माणसे कडेने धूसर हलत राहिली. आपल्या आत्मकथनांनी तो हलता हात जवळून आणि नावानिशी दाखवला, तेव्हा हा दस्तऐवज आहे, कला नव्हे, असा शेरा आला. ज्याने कित्येक वर्षे आपला चेहरा पुसट काढला, तोच आता रेषा फार ठळक झाल्याची तक्रार करतो.

सात

आता थोडे आपल्याकडे पाहू. नाही तर ही समीक्षा अर्धी राहील.

आपल्या घराघरांत बाबासाहेबांचा फोटो आहे आणि तो असलाच पाहिजे. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत निघालेली त्यांची अंत्ययात्रा नामदेव व्हटकर यांनी स्वतःच्या हिमतीवर चित्रित करून ठेवली. यंत्र आपल्या हाती आले की काय होते याचे ते उदाहरण आहे. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेची, नामांतराच्या मोर्चांची, तालुक्याच्या गावच्या परिषदांची जी छायाचित्रे आपल्या स्मरणिकांत छापलेली आहेत, त्यांच्या खालच्या ओळी वाचा. ‘व्यासपीठावर डावीकडून’ अशी सुरुवात होते आणि अध्यक्ष, स्वागताध्यक्ष, प्रमुख पाहुणे यांची नावे येतात. समोर उन्हात बसलेल्या हजारो बायका ‘जनसमुदाय’ या एका शब्दात संपतात. परिषदेसाठी पहाटेपासून भाकऱ्या थापणाऱ्या तर चित्रातच नाहीत, त्यांचे हात हलत होते. पॅरिसच्या चित्राखाली ज्याने ‘पहिला माणूस’ असे लिहिले त्याला आपण दोष देतो. मग आपल्या चित्रांखाली आपण काय लिहिले आहे?

भुईगावचे नाव इतिहासाच्या पुस्तकात एका दगडामुळे येते. १८८२ साली शेजारच्या सोपाऱ्यात पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या आदेशलेखाचा तुकडा मिळाला. हे भगवानलाल पूर्वी डॉ. भाऊ दाजींसाठी देशभर हिंडून शिलालेखांच्या नकला करून आणीत. पुढे १९५६ साली नवव्या आदेशलेखाचा तुकडा मिळाला तो आमच्या भुईगावात. त्याच वर्षी आपण धम्म स्वीकारला. नवव्या आदेशात अशोक सांगतो की आजारपणात, लग्नात, प्रवासात लोक नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. खरे मंगल ते धम्माचे, आणि त्यात पहिल्यांदा येते ते दास आणि सेवक यांच्याशी नीट वागणे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर दगडात जे कोरले गेले त्यात राजाचा चेहरा नाही. कष्टकऱ्याशी कसे वागावे ते आहे. चित्राची योग्यता कशावरून ठरवावी, याचे एक माप मला त्यात सापडते.

आजीचे सामान आवरताना एक जुना कागद मिळाला. कसल्याशा मजुरीच्या हिशेबाचा होता, अक्षरे विटलेली. खाली निळ्या शाईत तिचा अंगठा. पेराची भेग त्यात आडवी, पांढरी उमटलेली आहे. तिच्या हाताचे एवढे एकच चित्र जगात आहे, आणि ते तिने स्वतःच्या हाताने काढलेले आहे. शेजारी कारकुनाने तिचे नाव लिहिले आहे, आणि ते चुकलेले आहे. मी ते पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवले आहे.

ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला त्याला आता माझे उत्तर असे : पुसणारा दुसरा नव्हे, तोही पहिलाच. दोघे एकाच पत्र्यावर, एकाच क्षणी होते. दुसरा त्याला इतिहासाने केला. पण एवढे बोलून भागणार नाही. या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या घरातली, वस्तीतली, समाजमंदिराच्या कपाटातली जुनी छायाचित्रे बाहेर काढावीत. ज्यांना त्यातली माणसे ओळखता येतात ती वृद्ध मंडळी अजून आहेत, तोवर त्यांच्याजवळ बसावे. प्रत्येक चित्राच्या मागे, शाई पसरणार नाही अशी पेन्सिल घेऊन, माणसाचे पूर्ण नाव, गाव, साल आणि तो काय काम करीत असे ते लिहावे. ज्यांचा फोटो नाही त्यांच्या हातांविषयी चार ओळी लिहाव्यात. महाविद्यालयातील त्या चित्राखालची चिठ्ठी आम्ही बदलली आहे. आता तेथे ‘छायाचित्रात आलेली जगातली पहिली दोन माणसे’ असे लिहिलेले आहे.